सातबाऱ्यावरचे नाव आणि पाटाचे पाणी

२०२५ च्या एप्रिलपासून महसूल खात्याने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मयत खातेदारांची नावे कमी करून त्यांच्या वारसांची नावे लावायची, एवढेच तिचे काम. पण त्या कामाने गावोगावचा एक दबलेला वाद उघड्यावर आणला. वारस म्हटले की मुलांबरोबर मुलींचीही नावे येतात, आणि जमीन ओलिताखालची असेल तर त्या नावांना होणारा विरोध अधिक तीव्र असतो. एक बाजू म्हणते, कायद्याने हिस्सा दिला आहे, तो घेतलाच पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, लग्नात खर्च झाला, सणावाराला साडीचोळी होते, आणि तरीही हिस्सा मागणारी बहीण स्वतःच माहेर तोडते. मग हक्कसोडपत्र पुढे येते, सही होते आणि विषय मिटल्याचे मानले जाते. हा वाद वाईट रीतीने चालला आहे असे माझे मत आहे, कारण दोन्ही बाजू तो भावाबहिणीच्या नात्यापुरता धरून बसल्या आहेत. बाई रोज ज्या शिवारात राबते त्या शिवाराचे काय, आणि त्या शिवाराला येणारे पाणी कोणाच्या नावाने सुटते, हे प्रश्न त्यात कोणी विचारत नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. बागायती शेतीत जमिनीची मालकी आणि पाण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी स्त्रीच्या स्वतःच्या नावावर आल्या पाहिजेत. मुलगी म्हणून माहेरच्या जमिनीत तिचा हिस्सा आहेच. पण कसणारी म्हणून सासरच्या जमिनीवरही तिचे नाव लागले पाहिजे, आणि पाण्यावरचा तिचा हक्क जमिनीची नोंद होईपर्यंत अडवून ठेवता कामा नये. यातले पहिले म्हणणे कायद्याने मान्य केले आहे, दुसरे शासनाने अर्ध्या मनाने मान्य केले आहे, आणि तिसरे महाराष्ट्रातल्या काही चळवळींनी प्रत्यक्ष करून दाखवले असूनही आपण ते जवळपास विसरलो आहोत.

आधी कामाकडे पाहू. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत आहेत. पुरुषांचे हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र स्त्रियांच्या नावावरची वहिती खाती देशात १३.९६ टक्के आणि त्यांच्याकडचे क्षेत्र ११.७२ टक्के एवढेच आढळले. पाणी आले की ही तफावत आणखी बोचते, कारण पाणी बाईचे काम वाढवते. कोरडवाहू बाजरीच्या शेतात खुरपणी आणि काढणी असे दोन हंगाम असतात. त्याच शेताला पाट किंवा विहीर मिळाली की कांद्याची रोपे टाकणे, लागवड, दोन-तीन खुरपण्या, काढणी, पात कापणे, चाळीत भरणे, द्राक्षाची विरळणी, टोमॅटो-मिरचीची तोडणी, उसाची बांधणी आणि वाढलेल्या जनावरांची वैरण, अशी बारमाही कामे उभी राहतात, आणि यातली बहुतेक बायकांच्या हाताने होतात. माल आडतीवर गेला की पट्टी मात्र घरातल्या पुरुषाच्या नावाने फाटते. ऊस कारखान्याला गेला की बिल सभासदाच्या खात्यावर जमा होते, आणि सभासद तोच असतो ज्याच्या नावावर ऊस उभा असतो. पाण्याने शेतीत जो पैसा आणला तो आणण्यात तिचा वाटा वाढला, आणि त्या पैशाच्या वाटेवर तिचे नाव कुठेच उमटले नाही.

बागायतीत सातबाऱ्याचे महत्त्व जिरायतीपेक्षा मोठे असण्याचे कारणही इथेच आहे. कालव्याच्या पाण्यासाठी नमुना सातचा अर्ज करायचा तर गट क्रमांक आणि धारकाचे नाव लागते. ठिबकच्या अनुदानाला सातबारा आणि आठ-अ लागतो. कृषिपंपाची जोडणी, सौर पंप, शेततळे, पीक कर्ज, पीक विमा, सगळ्यांची सुरुवात त्याच उताऱ्यापासून होते. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीनधारकाच्या नावाने येतात, आणि आता ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीला जोडला गेला आहे. सामाईक खात्यात एका वारसाला पंप बसवायचा असेल तर इतरांचे संमतिपत्र मागितले जाते. म्हणजे ज्या विधवेचे नाव सासऱ्याच्या खात्यावर अजून लागलेलेच नाही, तिला विहिरीवर मोटर बसवण्यासाठी दिराची सही आणावी लागते. अशा व्यवस्थेत ‘नाव नसले म्हणून काय बिघडते, घर तर तिचेच आहे’ असे म्हणणारा माणूस एकतर सरकारी कचेरीत कधी गेलेला नसतो, किंवा स्वतःच्या नावाचा उतारा घेऊन गेलेला असतो.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे घेऊ. पहिला तुकड्यांचा. बागायती जमीन आधीच गुंठ्यांवर आली आहे. तीन बहिणींचे हिस्से पडले तर विहीर एकाच्या वाट्याला, पाइपलाइन दुसऱ्याच्या बांधातून आणि वाट तिसऱ्याच्या शेतातून अशी गत होईल, हे म्हणणे खोटे नाही. १९४७ पासून आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा आहे, आणि २०२३ मध्ये शासनाला बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा, १० गुंठ्यांवर आणावे लागले, यातच परिस्थिती दिसते. पण ही परिस्थिती कोणी आणली? महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले. या पंचेचाळीस वर्षांत बहुतांश घरांत मुलींनी हिस्सा घेतलेलाच नाही. जमिनीचे तुकडे भावाभावांच्या वाटण्यांनी झाले, आणि त्या वाटण्या होताना ‘धाकट्याने हक्क सोडावा, नाहीतर शेती परवडणार नाही’ असे कोणी सुचवले नाही. तुकड्यांचा युक्तिवाद जर शेतीच्या काळजीतून येत असेल, तर तो फक्त बहिणीच्या वेळीच का आठवतो?

या प्रश्नाला एक जुने आणि अधिक खोल उत्तर आहे. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी शेताच्या आकारालाच दोष देण्याच्या विचाराला विरोध केला होता. शेत किफायतशीर ठरते ते त्याच्या आकारमानाने ठरत नाही, त्यावर किती भांडवल, किती अवजारे आणि किती श्रम लावता येतात यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे याच माणसाने हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका हिस्सा देण्याची तरतूद पुढे रेटली आणि त्या विधेयकाची कोंडी झाल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. या दोन भूमिकांत विसंगती नाही. पहिली समजली तर दुसरीवरचा तुकड्यांचा आक्षेप आपोआप सौम्य होतो. पाणी हे तर असे साधन आहे की ते लहान तुकड्याला मोठे करते. कोल्हापूरकडे धारणक्षेत्र लहान असूनही नदीकाठच्या उपसा सिंचन संस्थांनी कित्येक शेतकऱ्यांना एका पंपावर आणि एका मुख्य नळावर बांधून उसाची शेती उभी केली. त्याहून जुना दाखला खानदेश-बागलाणातल्या फड पद्धतीचा आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षे ही पद्धत चालली. बंधाऱ्याखालची सारी जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, मालकी वेगवेगळी पण पाणी सर्वांना एकाच शिस्तीत, आणि ते वाटायला गावाने नेमलेले पाटकरी, हवालदार आणि जागले. मालकी अनेकांची असली म्हणून पाण्याचे व्यवस्थापन मोडते, हा समज महाराष्ट्राच्याच मातीत खोटा ठरलेला आहे. मग खातेदारांच्या यादीत बहिणीचे नाव आले तर नेमके काय मोडणार आहे?

आणि इथे कमाल जमीन धारणा कायद्याचा इतिहास आठवणे भाग आहे. १९६१ चा हा कायदा १९७५ पासून कडक झाला आणि बारमाही बागायतीची कमाल मर्यादा कुटुंबामागे १८ एकर, जिरायतीची ५४ एकर ठरली. त्या काळात कितीतरी मोठ्या बागायतदारांनी कागदोपत्री वाटण्या करून पत्नीच्या, मुलीच्या, सुनेच्या, नातलगांच्या नावांवर जमिनी चढवल्या. तेव्हा तुकड्यांची भीती वाटली नाही आणि स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर आले म्हणून नातीही तुटली नाहीत. नाव लावण्यात अडचण नव्हती. त्या नावाबरोबर सत्ता जाणार नाही याची खात्री होती. आज ती खात्री उरलेली नाही, आणि विरोध नेमका त्यावरून चाललेला आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. शेतावर राहिलेल्या भावाने विहीर पाडली, बँकेचे कर्ज काढले, मुरमाड रान गाळ टाकून सुधारले, आईबापांना शेवटपर्यंत सांभाळले; आणि वीस वर्षांनी शहरातली बहीण येऊन त्या सुधारलेल्या, ओलिताखालच्या रानात समान हिस्सा मागते, यात त्याच्यावर अन्याय होतो. हो, होऊ शकतो. ज्याने घाम गाळला त्याच्या घामाची मोजदाद झाली पाहिजे, आणि वाटणी करताना त्याने केलेल्या सुधारणांचा, फेडलेल्या कर्जाचा, आईबापांच्या औषधपाण्याचा हिशेब मांडून त्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे. पण हा अन्याय स्त्री-पुरुषांतला नाही, शेतावर राहिलेला आणि शेत सोडून गेलेला यांच्यातला आहे. पुण्यात नोकरी करणारा थोरला भाऊ गावच्या बागायतीत बिनबोभाट हिस्सा घेतो, त्याचा उतारा वेगळा होतो, आणि तो जमीन बटाईने लावतो किंवा विकतो, तेव्हा गाव त्याला लोभी म्हणत नाही. जो नियम या भावाला लागत नाही तो बहिणीला का लावायचा? शिवाय एक साधी गोष्ट निसटते: शेतावर राहिलेल्या भावाइतकेच, किंबहुना त्याच्याहून जास्त, त्या शेतात त्याच्या बायकोने काम केलेले असते. घामाची मोजदाद करायचीच ठरली तर ती त्याच्यावर थांबणार नाही.

तिसरा मुद्दा माहेरचा. नवऱ्याने टाकले, सासरी छळ झाला, तर बाईला जायला एकच दार असते, आणि हिस्सा मागून ते दार ती स्वतः बंद करते, हे बायकाच एकमेकींना सांगतात. हे भय खरे आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांना गावातले जगणे कळलेले नाही. पण हक्क सोडल्याच्या बदल्यात मिळणारा हा आधार किती टिकतो? त्याचे उत्तर परित्यक्तांच्या चळवळीने केव्हाच दिले आहे. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता स्त्रियांना संघटित केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड, घरासाठी जागा आणि कसायला जमीन यांचा समावेश होता. माहेरचा आधार पुरेसा असता तर या मागण्या करण्याची वेळच आली नसती. भावाच्या मर्जीवर, आणि पुढे भाचरांच्या मर्जीवर, उभा असलेला आसरा म्हणजे हक्क नव्हे. भाऊ गेला की तो संपू शकतो. माहेरी स्वतःच्या नावाचे दहा गुंठे बागायत असलेली बाई परत आली तर ती कोणाच्या घरी खायला आलेली नसते.

कायद्याने याबाबतीत आपले काम उशिरा का होईना केले आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षे आधी, १९९४ मध्ये, हिंदू वारसा कायद्यात मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतल्या हिस्सेदार, ठरवले, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद संपवला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले. २००५ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते: शेतजमिनीचे तुकडे, कमाल धारणा आणि कुळहक्क यांविषयीच्या कायद्यांना वारसा कायद्यापासून दिलेली सूट तिने काढून टाकली. शेतजमीन ही वेगळी बाब आहे, तिथे मुलीला दुय्यम ठेवता येते, हा विचार त्या दिवशी कायद्यातून गेला. फेरफाराच्या नोंदवहीतून तो अजून जायचा आहे. अनेक गावांत बहिणींची नावे आजही मालकाच्या रकान्याऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात पडून आहेत.

मात्र इथवर येऊनही मूळ प्रश्न सुटत नाही, आणि हीच गोष्ट हक्काच्या बाजूने बोलणारे विसरतात. लग्नानंतर बाई दुसऱ्या गावी जाते. हिस्सा मिळतो तो माहेरच्या शिवारात. राबायचे असते सासरच्या शिवारात. माहेरची जमीन तिला चाळीस कोसांवरून कसता येत नाही, आणि सासरच्या ज्या जमिनीची तिला खडानखडा माहिती असते, कुठे पाणी तुंबते, कुठल्या वाफ्याला जास्त लागते, कुठल्या बांधावर उंदरांची बिळे आहेत, त्या जमिनीवर नवरा जिवंत असेपर्यंत तिचे नाव आपोआप लागत नाही. वारसाहक्काने स्त्रीला मालमत्ता मिळेल. शेतकरी म्हणून ओळख मिळेलच असे नाही. त्यासाठी वेगळे तत्त्व लागते, आणि ते आपल्याकडे आहे. कूळकायद्यामागचे तत्त्व ‘कसेल त्याची जमीन’ हेच होते, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. पण कसणारा म्हणून नोंद झाली ती कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाची. त्याच शेतात त्याच पावसात त्याच्याबरोबर वाकलेल्या बाईला कोणी कूळ मानले नाही. शतकभरातल्या सर्वांत मोठ्या जमीन सुधारणेचे तत्त्व बरोबर होते, तिची गणती अर्धीच झाली.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न शेतकरी संघटनेने केला, याची आठवण आज ठेवली पाहिजे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम मांडला: शेतकऱ्याने आपल्या हयातीत, आपण होऊन, जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावाने करावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते सामुदायिकपणे केले. शेतमालाला भाव मागणाऱ्या, बागायतदारांची म्हणून हिणवल्या गेलेल्या चळवळीने आपल्याच सभासदांकडे ही मागणी केली होती, हे विशेष. १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. पण ती वाट नवऱ्याच्या इच्छेतून जाते, आणि म्हणूनच मी तिला अर्ध्या मनाची मान्यता म्हटले. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहित दावेदारांचे पट्टे पती-पत्नी दोघांच्या नावे देणे बंधनकारक केले. जंगलजमिनीवर जे शक्य झाले ते कालव्याखालच्या जमिनीवर अशक्य का असावे? शासन जिथे स्वतः जमीन देते, उदाहरणार्थ पुनर्वसनात, तिथे संयुक्त नाव हा नियम हवा. आणि जिथे सरकारी पैशाने पाणी पोहोचवले जाते त्या लाभक्षेत्रात सहधारक म्हणून पत्नीचे नाव लावण्याची नोंद पाणी देण्याच्या प्रक्रियेतच केली जावी, अशी माझी सूचना आहे.

कारण खरी कोंडी पाण्यापाशी आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने कालव्याचे पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना द्यायचे आणि वाटप शेतकऱ्यांनी करायचे ठरवले. चांगला कायदा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाडसारख्या प्रकल्पावर शेवटच्या चारीपर्यंत पाणी नेण्याचे श्रेय अशा संस्थांना आहे. या कायद्यात संचालक मंडळात स्त्रियांना जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. पण संस्थेचा सभासद कोण, तर लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा भोगवटादार. म्हणजे सभासद यादी सातबाऱ्यावरून तयार होणार, सातबाऱ्यावर बायका नाहीत, आणि त्या यादीतून महिला संचालक निवडायची! आवर्तन कधी घ्यायचे, शेजपाळी, म्हणजे शेतांना पाणी देण्याची क्रमवारी, कुठून सुरू करायची, उन्हाळ्यात पाणी उसाला राखायचे की भाजीपाल्याला आणि जनावरांच्या चाऱ्याला, हे निर्णय ज्या बैठकीत होतात तिथे तिला बसण्याचाच अधिकार नाही. राखीव जागा देऊन सभासदत्व न देणे हा अपुरा सुधार आहे, आणि अपुऱ्या सुधारांचे अपयश नेहमी ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्याच माथी मारले जाते: ‘बायका येतच नाहीत बैठकीला’.

पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेलाच असतो, हे आपण निसर्गनियमासारखे धरून चाललो आहोत. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यापासून आपल्या कालव्यांनी पाणी जमिनीच्या क्षेत्रावर आणि पिकावर मोजले, म्हणून ते तसेच असले पाहिजे असे नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, तेव्हा हा संबंधच त्यांनी तोडला. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला, ऊस नाही, भूमिहीनालाही हिस्सा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. माणूस मोजायचा ठरला की घरातली बाईही मोजली जाते, कारण तिच्याशिवाय कुटुंबाचे पाणी भरतच नाही. तिथेही हक्काचे एकक कुटुंब हेच राहिले, त्यामुळे तिची गणती झाली तरी तिचा आवाज वेगळा उमटला नाही. ही मर्यादा मान्य केली पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधले, आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा धरला. १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांनी हीच समन्यायी वाटपाची मागणी कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांसाठी लावून धरली. हे सारे महाराष्ट्रातले आहे, लोकांनी स्वतः उभे केलेले आहे, आणि तरीही स्त्रियांच्या जमीनहक्कावर चर्चा करताना आपण हा अनुभव बाजूला ठेवतो.

यावर व्यवहारी माणूस विचारतो: बायका रात्रीचे पाणी कसे धरणार? वीज रात्री येते, पाटाची पाळी रात्री येते, शेतात साप आणि अनेक तालुक्यांत बिबट्या. प्रश्न रास्त आहे, फक्त चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. रात्रीचे पाणी पुरुषालाही मारते. विजेच्या धक्क्याने, सर्पदंशाने, थंडीने गेलेले शेतकरी आपण मोजत नाही इतकेच. आणि ज्या घरात पुरुष नाही तिथे बाई आजही रात्री दारे धरतेच. कृषी वाहिन्यांना दिवसा वीज, कालव्याच्या पाळीचे वेळापत्रक आधी जाहीर होणे, ठिबकसाठी साठवण टाकी, हे उपाय दोघांसाठी आहेत. ते स्त्रीच्या हक्काआड येणारे कारण म्हणून पुढे करणे म्हणजे व्यवस्थेचा दोष बाईच्या अंगावर टाकणे होय.

दुसरा व्यवहारी प्रश्न अधिक अवघड आहे: जमीन नावावर नसलेली बाई कसते आहे, हे ठरवणार कोण? डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत मांडलेल्या महिला शेतकरी हक्क विधेयकात याचे उत्तर होते. जमीन नावावर असो वा नसो, शेतीत काम करणाऱ्या स्त्रीला ग्रामसभेच्या मान्यतेने शेतकरी असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, आणि जमीन, पाणी, पतपुरवठा यांवरचे हक्क त्यातून यावेत, अशी त्याची रचना होती. ते खासगी विधेयक २०१३ मध्ये व्यपगत झाले. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या मालकीपलीकडे नेली होती, तीही कागदावर राहिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे; त्या निमित्ताने सत्कार आणि मेळावे होतील, त्यापेक्षा राज्याने या विधेयकातला हा एक भाग उचलला तर जास्त काम होईल. साधने हाताशी आहेत. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद दर हंगामाला होते, पण पीक कोणी उभे केले याची होत नाही. त्यात कसणाऱ्या सर्व प्रौढ व्यक्तींच्या नावांचा रकाना घालता येतो. ती नोंद ग्रामसभेसमोर वाचून कायम करता येते, आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती करून अशा नोंदीवर पाणी वापर संस्थेचे सभासदत्व देता येते. जमीनमालक म्हणतील की यातून उद्या कूळ उभे राहील. ती भीती दूर करायची तर कायद्यातच लिहावे की या नोंदीने जमिनीची मालकी बदलत नाही, पाण्यावरचे मत आणि पाण्याचा ठरलेला वाटा एवढेच तिच्यातून मिळते. बटाईने रान घेणारी विधवा, गटाने जमीन खंडाने घेऊन भाजीपाला करणाऱ्या भूमिहीन स्त्रिया, आणि नवऱ्याच्या नावाच्या शेतात आयुष्य घालवलेली बागायतदारीण, या तिघींनाही त्यामुळे आवर्तनाच्या बैठकीत सभासद म्हणून बसता येईल.